चेहऱ्यावरील लव व त्वचा उजळवण्याचे घरगुती उपाय

चेहऱ्यावरील लव व त्वचा उजळवण्याचे घरगुती उपाय म्हणजे चेहऱ्यावरील बारीक केसांचा रंग फिका करण्यासाठी किंवा त्वचेचा काळवंडलेपणा कमी करण्यासाठी वैद्यकीय देखरेखीशिवाय घरी केले जाणारे प्रयोग होत. यांत तीन भिन्न प्रकार मोडतात: हळद, डाळीचे पीठ, साय इत्यादींचे पारंपरिक लेप, लव सोनेरी करणारे पेरॉक्साइडयुक्त ब्लीच, आणि बाजारातून आणून घरी वापरल्या जाणाऱ्या गोरेपणाच्या क्रीम. बोलीभाषेत या तिन्हींना सरसकट 'घरगुती उपाय' म्हटले जात असले तरी त्यांचे कार्य व धोके पूर्णपणे वेगळे आहेत. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असल्याने त्याचा रंग रसायनाने बदलता येतो. त्वचा सजीव असल्याने तिचा जन्मजात रंग कोणत्याही घरगुती लेपाने बदलत नाही. उन्हामुळे आलेला अतिरिक्त काळसरपणा मात्र उन्हापासून बचाव केल्यास हळूहळू कमी होतो. जालना जिल्ह्यासारख्या कडक उन्हाच्या व शेतीप्रधान प्रदेशात हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

केस व त्वचेचा रंग

केस व त्वचा या दोहोंचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे ठरतो. त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी असलेल्या मेलॅनोसाइट या पेशी टायरोसिनेज या विकराच्या साहाय्याने मेलॅनिन तयार करतात व ते आसपासच्या पेशींना पुरवतात. सर्व वर्णांच्या माणसांत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो तयार होणाऱ्या मेलॅनिनच्या प्रमाणात, प्रकारात व मांडणीत, आणि तो मुख्यतः आनुवंशिक असतो. मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करते. त्यामुळे ऊन वाढले की त्याची निर्मितीही वाढते.

त्वचेचा बाह्यस्तर साधारण चार आठवड्यांत नवा होतो. सर्वांत वरच्या मृत पेशी चोळून काढल्यास त्वचा काही काळ स्वच्छ व तुकतुकीत दिसते. लेपानंतर लगेच दिसणारा 'उजळपणा' बहुतांशी याच कारणामुळे असतो. तळाच्या पेशींतील मेलॅनिनच्या निर्मितीत त्यामुळे बदल होत नाही.

चेहऱ्यावरील केस दोन प्रकारचे असतात. बारीक, मऊ व फिक्या रंगाच्या केसांना लव म्हणतात. ती स्त्री-पुरुष दोघांच्याही चेहऱ्यावर असते. जाड, काळे व लांब केस संप्रेरकांच्या प्रभावाखाली वाढतात. ब्लीच प्रामुख्याने पहिल्या प्रकारासाठी वापरले जाते.

लव उजळवणे

घरी लव उजळवण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या ब्लीचच्या संचात सामान्यतः दोन घटक असतात: हायड्रोजन पेरॉक्साइड असलेले क्रीम किंवा द्रव, आणि त्याला कार्यान्वित करणारी अल्कधर्मी भुकटी. दोन्ही एकत्र केल्यावर मुक्त होणारा ऑक्सिजन केसातील मेलॅनिनचे विघटन करतो व काळी लव सोनेरी दिसू लागते. केस मुळापासून निघत नाहीत. त्यामुळे नवे वाढणारे केस पुन्हा मूळ रंगाचेच येतात आणि काही आठवड्यांनी प्रयोग पुन्हा करावा लागतो.

भुकटीमध्ये पुष्कळदा अमोनियम किंवा पोटॅशियम परसल्फेट असते. परसल्फेटमुळे काही व्यक्तींना त्वचेची ॲलर्जी, अंगावर गांधी उठणे किंवा दम्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून कोणतेही ब्लीच चेहऱ्यावर लावण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस किंवा कानामागे थोडेसे लावून २४ ते ४८ तास वाट पाहणे आवश्यक मानले जाते. एकदा त्रास झाला नाही म्हणून पुढेही होणार नाही असे नसते. ॲलर्जी वारंवार वापरानंतरही उद्भवते.

वापराबाबत पुढील गोष्टी पाळल्या जातात:

• पाकिटावर दिलेले प्रमाण व वेळ ओलांडली जात नाही. भुकटी जास्त घातल्यास परिणाम वाढण्याऐवजी त्वचा भाजते.
• पापण्या, भुवया, ओठ व नाकपुड्या यांपासून ब्लीच दूर ठेवले जाते. डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन वैद्यकीय मदत घ्यावी लागते.
• मुरुमे, जखम, खरूज, इसब किंवा उन्हाने भाजलेल्या त्वचेवर ब्लीच लावले जात नाही. वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग केल्यानंतरही लगेच ते टाळले जाते.
• मिश्रण धातूच्या भांड्यात कालवत नाहीत, तसेच उरलेले मिश्रण बंद डबीत ठेवत नाहीत. वायू साचून डबी फुटू शकते.
• किंचित चुरचुर अपेक्षित असते. जळजळ वाढल्यास वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता चेहरा गार पाण्याने धुतला जातो.

सावळ्या त्वचेवर सोनेरी झालेली लव काही वेळा मूळ काळ्या लवेपेक्षा अधिक उठून दिसते. त्वचेला दाह झाल्यास बरे होताना तेथे काळे डाग पडतात, आणि ही प्रवृत्ती गव्हाळ व सावळ्या त्वचेत अधिक असते. अशा वेळी उजळपणासाठी केलेला उपाय काळपटपणाचे कारण ठरतो.

घरातील मधात अल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, यावरून मध व लिंबू यांचे मिश्रण 'नैसर्गिक ब्लीच' म्हणून सुचवले जाते. हे प्रमाण इतके कमी असते की त्याने लवेचा रंग लक्षणीय बदलत नाही.

पारंपरिक लेप

महाराष्ट्रात चेहऱ्याला व अंगाला लेप लावण्याची प्रथा जुनी आहे. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात तेल लावून उटणे चोळले जाते. उटण्यात आंबेहळद, चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला कचोरा इत्यादी सुगंधी द्रव्ये असतात. विवाहात वराला लावून उरलेली उष्टी हळद वधूला लावली जाते. तान्ह्या बाळाच्या अंगावरील लव जावी म्हणून साय व डाळीचे पीठ चोळण्याची पद्धतही अनेक घरांत आढळते. बाळाची लव काही महिन्यांत आपोआपच गळून पडते. तिचे श्रेय चोळण्याला दिले जाते. जोरात चोळल्याने मात्र बाळाच्या नाजूक त्वचेवर पुरळ उठू शकते.

आयुर्वेदात चरकसंहितेतील 'वर्ण्य' गणात चंदन, उशीर, मंजिष्ठा, सारिवा, यष्टिमधू इत्यादी दहा द्रव्ये सांगितली आहेत. 'वर्ण्य' म्हणजे वर्णास हितकर. या शब्दाचा रोख त्वचेची कांती सुधारण्यावर आहे, जन्मजात वर्ण बदलण्यावर नाही. चेहऱ्यावरील काळसर चट्ट्यांना आयुर्वेदात 'व्यंग' म्हणतात. मराठीतील 'वांग' हा शब्द त्याच विकारासाठी रूढ आहे.

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पदार्थांचे स्वरूप पुढीलप्रमाणे आहे:

• डाळीचे पीठ व मसूरडाळीचे पीठ: तेल व मळ शोषून घेते, वाळल्यावर चोळून काढताना मृत पेशी व थोडी लव निघते. लवेचा रंग बदलत नाही.
• हळद: तिच्यातील कुर्कुमिन त्वचेला तात्पुरता पिवळा रंग देते. हा रंग केस उजळल्याचा आभास निर्माण करतो. काही जणांना हळदीचीही ॲलर्जी होते.
• दूध, साय व दही: सायीतील स्निग्धांश त्वचा मऊ करतो. दह्यात दुग्धाम्ल असते, पण त्याचे प्रमाण औषधी सोलणीच्या तुलनेत सौम्य असते.
• मुलतानी माती: तेलकट त्वचेवरील तेल शोषते, कोरड्या त्वचेला ती अधिक कोरडी करते.
• ज्येष्ठमध: त्यातील ग्लॅब्रिडिन हा घटक प्रयोगशाळेत टायरोसिनेजला अटकाव करतो. घरी कालवलेल्या पुडीत तो किती असेल व त्वचेत किती शिरेल हे मात्र निश्चित नसते.
• कच्ची पपई: तिच्यातील पपेन हे विकर प्रथिने विघटित करते. चिकामुळे त्वचेला दाह होऊ शकतो.

हे पदार्थ सौम्य प्रमाणात, अखंड त्वचेवर व थोड्या वेळासाठी लावल्यास सहसा अपाय करत नाहीत. त्यांचा लाभ स्वच्छता व मऊपणा एवढाच धरणे योग्य ठरते.

लिंबू, सोडा व इतर तीव्र पदार्थ

घरातील पदार्थ म्हणून निरुपद्रवी, हा समज लिंबाच्या बाबतीत विशेष चुकीचा ठरतो. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ असतो, तर निरोगी त्वचेचा पृष्ठभाग सामान्यतः ४.५ ते ५.५ इतका सौम्य आम्लधर्मी असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लिंबूवर्गीय फळांच्या सालीत व रसात फ्युरोकौमारिन नावाची संयुगे असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागल्यास अतिनील किरणांशी प्रक्रिया होऊन त्वचा भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात आणि नंतर गडद तपकिरी डाग राहतात. हे डाग जाण्यास अनेक आठवडे किंवा महिने लागतात. कागदी लिंबात या संयुगांचे प्रमाण जास्त, तर मोसंबी व संत्र्यात कमी असते.

खाण्याचा सोडा अल्कधर्मी असल्याने त्वचेचे आम्लधर्मी आवरण बिघडवतो व तिला कोरडी करतो. टूथपेस्ट, तुरटीचा खडा वारंवार घासणे, मिठाने किंवा साखरेने खरवडणे यांमुळे सूक्ष्म जखमा होतात. कपडे धुण्याचे किंवा फरशी पुसण्याचे ब्लीच हे सोडियम हायपोक्लोराइट असते. त्याचा चेहऱ्याच्या ब्लीचशी केवळ नावापुरता संबंध आहे. ते चेहऱ्यावर लावल्यास रासायनिक भाजणी होते.

स्टेरॉइड व हायड्रोक्विनोनयुक्त क्रीम

घरगुती उपायांत गंभीर हानी बहुधा स्वयंपाकघरातील पदार्थांनी होत नाही, तर दुकानातून, ब्युटी पार्लरमधून किंवा ओळखीतून आणलेल्या क्रीममुळे होते. अशा अनेक मलमांत बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासॉल ही स्टेरॉइडे असतात. ती इसब, सोरायसिस अशा विकारांवरील उपयुक्त औषधे आहेत. परंतु चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे येतात व चेहरा उन्हात लाल होऊन चुरचुरतो. मलम थांबवताच दाह वाढतो, त्यामुळे वापरणारी व्यक्ती पुन्हा त्याकडेच वळते. स्टेरॉइडच्या वापराने चेहऱ्यावर केस वाढतात, हा त्यांचा आणखी एक परिणाम आहे. गोरेपणासाठी लावलेले मलम अशा रीतीने नवी लव उगवते आणि मग ती लपवण्यासाठी ब्लीच वापरले जाते.

हायड्रोक्विनोन हे टायरोसिनेजला अटकाव करणारे औषध वांगावरील उपचारात त्वचारोगतज्ज्ञ मर्यादित काळासाठी देतात. १९७५ मध्ये अमेरिकेतील अल्बर्ट क्लिगमन व आयझॅक विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टेरॉइड यांचे मिश्रण मांडले. त्यावर आधारलेली तिहेरी मलमे भारतात चिठ्ठीवर द्यावयाची औषधे आहेत. तरीही ती 'गोरेपणाची क्रीम' म्हणून परस्पर वापरली जातात. हायड्रोक्विनोनच्या दीर्घ वापराने ऑक्रोनोसिस हा विकार होऊन त्वचेवर निळसर-काळे, जवळपास कायमचे डाग पडू शकतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री करण्यास मनाई केली. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची संघटना या गैरवापराविरुद्ध अनेक वर्षे जनजागृती करत आली आहे.

पारायुक्त क्रीम आणि अकोला प्रकरण

पाऱ्याचे क्षार मेलॅनिनची निर्मिती रोखतात. त्यामुळे अशा क्रीमचा परिणाम जलद दिसतो. पारा त्वचेतून शरीरात जातो व मूत्रपिंडे आणि मज्जासंस्थेला इजा करतो. टॉवेल, उशी व हातांमधून तो घरातील मुलांपर्यंतही पोहोचू शकतो.

महाराष्ट्रात या धोक्याकडे लक्ष वेधले गेले ते अकोला येथील घटनेमुळे. एकाच कुटुंबातील तीन महिलांना स्थानिक पातळीवर मिळालेल्या क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा ग्लोमेरुलोनेफ्रायटिस हा विकार झाल्याचे जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली असता क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण अतिशय जास्त आढळले. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी अशाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात तेथे मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे २२ रुग्ण आढळले. त्यांपैकी १५ जणांत नेल-१ या प्रथिनाशी निगडित प्रकार होता आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाच्या क्रीम वापरल्या होत्या. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली.

पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी, अकारण थकवा ही मूत्रपिंड बिघडल्याची लक्षणे असू शकतात. गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्या व्यक्तीत ती दिसल्यास वापर थांबवून लघवी व रक्ताची तपासणी करणे आणि क्रीमची डबी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. पाकिटावर कॅलोमेल, मर्क्युरिक किंवा मर्क्युरस असे शब्द असणे, सोने, चांदी वा ॲल्युमिनियमला क्रीम लागू देऊ नये अशी सूचना असणे, उत्पादकाचे नाव, पत्ता व घटकांची यादी नसणे या संशयास्पद खुणा मानल्या जातात.

जालना जिल्ह्यातील संदर्भ

१ मे १९८१ रोजी स्थापन झालेला जालना जिल्हा मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यात येतो. उन्हाळ्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. कापूस, सोयाबीन व मोसंबी ही येथील प्रमुख पिके असून खुरपणी व कापूसवेचणी ही प्रामुख्याने स्त्रियांची कामे आहेत. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी हंगामी स्थलांतरही करतात. दिवसाचे बहुतेक तास उन्हात जात असल्याने गाल, कपाळ व नाकावर काळसरपणा व वांग येण्याची शक्यता वाढते. गर्भारपण व गर्भनिरोधक गोळ्या हीदेखील वांगाची ज्ञात कारणे आहेत.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. लिंबूवर्गीय फळांच्या वाळलेल्या सालीची पूड लेपात घालण्याची पद्धत राज्यात सर्वत्र आहे. मोसंबीच्या सालीत फ्युरोकौमारिन कमी असली तरी सालीतील तेलाने संवेदनशील त्वचेला दाह होऊ शकतो. फवारणी झालेल्या फळांच्या सालीवर कीटकनाशकांचे अंशही राहू शकतात. लिंबू किंवा सालीचा लेप लावून लगेच शेतावर जाणे येथील उन्हात अधिक धोक्याचे ठरते. लेप लावायचाच असल्यास तो सायंकाळी लावून पूर्णपणे धुणे तुलनेने सुरक्षित असते.

काळसरपणा कमी करण्याचा सर्वांत स्वस्त व परिणामकारक घरगुती उपाय म्हणजे उन्हापासून बचाव होय. डोके व चेहरा झाकणारा दाट विणीचा सुती रुमाल किंवा ओढणी, रुंद काठाची टोपी आणि शक्य तेथे भर दुपारचे काम टाळणे यांचा त्यात समावेश होतो. ज्यांना परवडते त्यांच्यासाठी ३० किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन उपयुक्त असते. घाम येत असल्यास ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. वांगाच्या डागांवर साध्या प्रकाशाचाही परिणाम होत असल्याने लोह ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक लाभदायक ठरते. उपचारासाठी जालना येथील जिल्हा सामान्य रुग्णालय, तसेच सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर येथील 'घाटी' म्हणून ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय येथे जाता येते.

लव वाढण्याची वैद्यकीय कारणे

हनुवटी, वरचा ओठ, छाती किंवा पोटावर जाड काळे केस येणे हे केवळ सौंदर्याशी संबंधित नसते. पाळी अनियमित असणे, वजन वाढणे व मुरुमे यांसह असे केस वाढत असल्यास पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमची शक्यता तपासली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांत हा विकार असतो व त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदान झालेले नसते. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा काळा पट्टा येणे हे इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद कमी झाल्याचे चिन्ह असू शकते. तो मळ समजून घासल्याने जात नाही. केस अचानक व झपाट्याने वाढल्यास, किंवा आवाज घोगरा झाल्यास, त्वरित वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. अशा प्रसंगी ब्लीच केवळ लक्षण झाकते व निदान लांबते.

कायदेशीर तरतुदी

भारतात सौंदर्यप्रसाधनांचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार होते. पारा घालून प्रसाधने बनवण्यास मनाई असून अनवधानाने राहिलेल्या पाऱ्याची मर्यादा डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी दशलक्ष भागांत ७० भाग व इतरांसाठी १ भाग इतकी आहे. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ रोजी लागू झाला व भारताने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. २०२३ च्या परिषदेत करारातील देशांनी पारा घातलेली सर्वच प्रसाधने, प्रमाणाची मर्यादा न ठेवता, २०२५ पर्यंत बंद करण्याचा निर्णय घेतला. राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. संशयास्पद क्रीमविषयी या विभागाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते.

सामाजिक संदर्भ

गोरेपणाला मिळणारे महत्त्व विवाहाच्या बाजारात सर्वाधिक स्पष्ट दिसते. स्थळांच्या जाहिरातींतील 'गोरी', 'गव्हाळ', 'निमगोरी' हे शब्द त्याचेच द्योतक आहेत. आधुनिक प्रसाधनांचा भारतीय इतिहासही मुंबईशी निगडित आहे: १९१९ मध्ये इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी मुंबईत 'अफगाण स्नो' हे क्रीम बाजारात आणले. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' आणले; जुलै २०२० मध्ये त्याचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' करण्यात आले. चेन्नईच्या 'विमेन ऑफ वर्थ' या संस्थेने २००९ मध्ये वर्णभेदाविरुद्ध 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम सुरू केली व अभिनेत्री नंदिता दास यांनी तिला पाठिंबा दिला. त्वचेच्या वर्णावरून भेदभाव दर्शवणाऱ्या जाहिरातींबाबत भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली.

वापरणाऱ्यांत मुलींप्रमाणेच मुलगेही असतात आणि सुरुवात अनेकदा किशोरवयात होते. पाकिटावर घटकांची यादी नसलेली क्रीम या वयात लावू न देणे व वर्णावरून होणारी चेष्टा घरातच थांबवणे, या दोन गोष्टी कोणत्याही लेपापेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

हे सुद्धा पहा

• मेलॅनिन
• वांग
• उटणे
• पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम
• मिनामाता करार
• जालना जिल्हा